विष्णुपंतांच्या मोटारीची शीट

विष्णुपंत देवळात जाताना दोन चपला दोन ठिकाणी काढायचे. एक महाद्वाराच्या डाव्या अंगाला, दुसरी उजव्या. का, तर चोराला जोड मिळू नये. आता तुळजापुरात जन्म गेला, घरात तीन पिढ्यांची देवीची सेवा, ह्या माणसाच्या झिजलेल्या चपलेवर डोळा ठेवून कोण बसलंय? पण नाही! कचेरीत पाणी प्यायचे तर तांब्या आधी नाकाशी न्यायचे. दूधवाल्यानं माप ओतलं की बोट बुडवायचे. कुणी वेळ विचारली तर "का? कशाला पाहिजे?" असं विचारून मग घड्याळ काढायचे. संशयाचा किडा एखाद्याच्या डोक्यात शिरतो म्हणतात. पंतांच्या डोक्यात त्यानं बिऱ्हाडच थाटलं होतं. वनमालाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे लग्नाच्या आठव्या दिवशीच कळलं होतं आणि त्यांनी ते सोडून दिलं होतं.

माणूस वाईट नव्हता बरं का. तहसील कचेरीत कारकून होता, पण कुणाच्या चहाचा मिंधा नव्हता. अडल्यानडल्याचा कागद स्वतः लिहून द्यायचा. फक्त विश्वास म्हणून कुणावर टाकायचा नाही.

असल्या माणसानं तिघांत मिळून मोटार घ्यावी! नळदुर्गाकडच्या एका अंमलदाराची ती गाडी. निजामी गेली तसा तो हैदराबादला निघून गेला, आणि गाडी आठ वर्षं एका पडवीत कोंबड्या सांभाळत राहिली. ती बैल जुंपून तुळजापुरात आणली ती पंतांनी, शाळेतल्या वसंतराव मास्तरांनी आणि तामलवाडीच्या बलभीमनं. कागद पंतांच्या नावावर. गाडी पंतांच्या गोठ्यात, म्हशीच्या शेजारी. गोठ्याला गल्लीच्या बाजूनं कुलूप, आणि कुलपाची नि मोटारीची अशा दोन्ही किल्ल्या पंतांच्या जानव्याला. आंघोळ करतानासुद्धा त्या वाजायच्या.

रविवार उजाडला की तिघं गोठ्यात. आधी आधी बलभीम चुकून शुक्रवारीच येऊन बसायचा, कारण निजामीत जन्म गेला, सुट्टी म्हणजे जुम्मा हेच त्याच्या डोक्यात. आता मुलूख मुंबई राज्यात गेल्याला तिसरं वर्ष लागलं तेव्हा कुठं त्याचा रविवार पक्का झाला. कामाची वाटणी ठरलेली होती. वसंतराव मास्तर इंग्रजी पुस्तक उघडून वाचायचे, पंत पान्यांवर नजर ठेवायचे, आणि काम बलभीम करायचा. त्याच्या विहिरीवर तेलाचं इंजिन होतं. त्याची छाती धडधडली तरी त्याला इंजिनाचा आवाज ऐकू यायचा, इतका त्याला नाद. पुस्तकात तीन पानं लागायची ते तो कान लावून सांगायचा, "पंत, हिला हवा गावंना झालीया." आणि खरंच कचरा निघायचा.

मास्तरांचा एक दंडक होता. मोटारीला मोटारीच्याच भाषेत बोलायचं! चाक म्हणायचं नाही, व्हील. झाकण नाही, बॉनेट. बसायची गादी म्हणायचं नाही, शीट. कुणी चुकलं की मास्तर छडी नसली तरी बोट उगारायचे. शीटचं तर असं झालं की मूळची उंदरांनी पार खाल्ली होती, स्प्रिंगा गंजून हातात आल्या. मग वनमालाबाईंची एक जुनी गादी उसवली, पिंजाऱ्याकडून कापूस नवा करून घेतला, आणि निळ्या पट्ट्यांच्या कापडात मोटारीच्या मापाची शिवली. कोपरा तेवढा दाराच्या खिट्टीसाठी गोल कापला. बाईंनीच टाके घातले. त्या म्हणाल्या, "गादी छान झाली हो." मास्तर म्हणाले, "वहिनी, शीट." बाई हसून आत गेल्या.

अपघात काय कमी झाले? हँडल मारताना अंगठा आत घ्यायचा नाही हे बलभीमनं दहादा सांगितलं, तरी मास्तरांनी घेतला. इंजिननं उलटा झटका दिला आणि मास्तरांचं मनगट असं सुजलं की महिनाभर फळ्यावर डाव्या हातानं लिहीत होते. एकदा रेडिएटर गळायला लागला. बलभीम म्हणाला, हळद टाका, बुजंल. वनमालाबाईंचा हळदीचा डबा रिकामा झाला. गळती थांबली खरी, पण इंजिन तापलं, झाकण उडालं आणि पिवळ्याधमक पाण्याचा फवारा तिघांच्या डोक्यावर! गल्लीतल्या पोरीबाळी "आई राजा उदो उदो" करत गोठ्याशी जमल्या. म्हशीनं तीन दिवस पान्हा सोडला नाही.

एवढं होऊनही इंजिन आता फुरफुरायचं. फक्त क्लच धरत नव्हता, म्हणून मोटार जागची हलत नव्हती. दसऱ्याला मोटारीतून सीमोल्लंघन करायचं, असं तिघांनी ठरवलं होतं. अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. आणि हा क्लच बसवायला बलभीमखेरीज दुसरा माणूस नव्हता.

पंतांचं लक्ष मात्र क्लचवर नव्हतं. पेट्रोलच्या डब्यावर होतं. त्यांनी डब्यात काठी बुडवून कोळशानं खूण केली होती, आणि दर रविवारी पेट्रोल खुणेच्या खाली! मास्तर म्हणाले, ते उडून जातं. पंत म्हणाले, "तुमच्या घरचं रॉकेल कसं उडून जात नाही?" शेवटी शनिवारी संध्याकाळी त्यांनी गोठ्यात, मोटारीभोवती, चुलीतली राख पसरायला सुरुवात केली. पावलं उमटली की चोर सापडला. बलभीमला हे कळलं तेव्हा तो पोट धरधरून हसला. "पंत, राखंत म्हशीचं पाऊल गावलं तर तिला बी चावडीवर न्या."

भाद्रपदात देवी निजते. अष्टमीला आई सिंहासनावरून उतरते आणि अमावास्येपर्यंत पलंगावर झोप घेते. तेवढे दिवस पंतांच्या घरात कुणी गादीवर बसत नाही, उशी डोक्याखाली घेत नाही. सासूनं वनमालाबाईंना घालून दिलेली रीत. त्या वर्षीही अष्टमीला बाई म्हणाल्या, "अहो, गाद्या माडीवर टाकते हं सगळ्या." पंत काठीनं पेट्रोल मोजत होते. ते "हूं" म्हणाले.

रविवारी सकाळी पंतांनी कुलूप उघडलं, आणि मोटारीत शीट नाही! कुलूप जागच्या जागी. कडी-कोयंडा धड. पंत उकिडवे बसून राख बघायला लागले. राखेत म्हशीचे खूर होते आणि शेणाला येणाऱ्या वनमालाबाईंची पावलं. दुसरं काही नाही. घरातून गोठ्यात उघडणारं एक दार होतं, बाई रोज त्याच दारानं यायच्या, पण त्या दाराचा विचारही पंतांना शिवला नाही. चोर काय स्वयंपाकघरातून येतो? त्यांनी डोकं चालवलं, आणि त्यांचं डोकं चाललं की देवच वाली. चोराची पावलं नाहीत, म्हणजे चोर राख चुकवून गेला. राख चुकवली, म्हणजे राख आहे हे त्याला ठाऊक होतं. आणि ठाऊक कुणाला होतं? जो पोट धरून हसला त्याला!

मास्तर आले. पंतांनी नुसतं बोट दाखवलं. बलभीम आला, त्यानंही पाहिलं. "आँ? शीट कुठं गेली वो?" पंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. फार सहज विचारलं, असं त्यांना वाटलं. चोरानं विचारावं तसं अगदी.

घरात त्यांनी मुद्दाम काही सांगितलं नाही. बायकांच्या कानावर गेलं की गावभर होतं आणि चोर सावध होतो, हा त्यांचा हिशोब. दुपारी घोंगडीवर आडवे झाले. पाठीला फरशी टोचत होती, आणि डोक्यात एकच: शीट नेली ती त्यानंच.

मंगळवारी बाजारात बलभीमचा छकडा उभा होता. छकड्यात नवीकोरी गादी, वर लाल कापड. पंत तिकडंच वळले. मापही तेच वाटलं! इकडं-तिकडं पाहिलं आणि त्यांनी शिवणीतून आत हात घातला. हाताला लागला तो कडबा. मूठभर कडबा बाहेर आला, आणि मागून आवाज आला.

"पंत, माझ्या गादीत हात घालताव व्हय?"

बलभीम मिरचीचं पोतं खांद्यावर घेऊन उभा होता. पंत सापडले, आणि सापडलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं, आवाज चढवला.

"माझ्या मोटारीची शीट कुठाय, बलभीमा?"

"मला काय ठावं?"

"कापूस काढून कडबा भरलास! वरनं कापड बदललंस! मला खुळा समजतोस?"

माणसं जमली. बलभीमनं पोतं हळूच खाली ठेवलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग अगदी उतरला. "सत्यभामानं शिवलीया ती. पोत्यात कडबा घालून. माझ्या बुडाला तेवढं पुरं हाय."

"मग चल! आईच्या पायरीला हात लावून सांग, तू घेतली नाहीस म्हणून."

तुळजापुरात ही भाषा कुणी उगाच काढत नाही. बलभीमनं पंतांकडे पाहिलं. तीन वर्षांचे रविवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले असतील.

"आई निजलीया, पंत," तो म्हणाला. "तिला झोपंतून उठवून माझं खरंखोटं करू व्हय? शनवारी उठती ती. शनवारी येतो." पोतं छकड्यात टाकलं, आणि बाजार न करताच तो निघून गेला.

पुढचे तीन दिवस काय सांगावेत! तामलवाडीत पाणवठ्यावर बलभीमला "शीटवाला" म्हणायला सुरुवात झाली. त्यानं विहिरीवर जाणंच बंद केलं, इंजिन थंड पडलं. त्याची बायको सत्यभामा दारात उभी राहिली की शेजारणी बोलणं तोडायच्या. मास्तर सायकलीवरून जाऊन बघून आले आणि पंतांवर कडाडले, "अहो विष्णुपंत, एका शीटपायी माणसाचं नाव घालवलंत! त्याचं नाव गेलं तर परत कुठनं आणाल?"

"मग शीट गेली कुठं? तेवढं सांगा!"

मास्तर सायकलीवर टांग टाकून निघून गेले. पंतांनाही आतून बरं वाटत नव्हतं, पण संशय एकदा तोंडातून बाहेर पडला की माणूस त्याचा वकील होतो.

वनमालाबाईंच्या कानावर आलंच. "अहो, कसली शीट गेली म्हणे?"

"मोटारीची. तुला काय कळायचंय त्यातलं?"

मास्तरांचा तो शब्द बाईंनी तेव्हाच हसून सोडून दिला होता; त्यांना शीट म्हणजे पत्र्याची शीट, एवढंच ठाऊक. त्यांनी पदर खोचला, गोठ्याच्या मागं जाऊन छपराचे पत्रे मोजले आणि परत आल्या. "सगळ्या शीट जागेवर आहेत की! मी मोजल्या."

"ती नव्हे गं, बाई!" पंत ओरडले आणि टोपी घालून कचेरीला गेले. एक शब्द पुढं बोलले असते तर! पण घरातल्या माणसाशी दोन शब्द जास्त बोलणं त्यांना जमायचंच नाही.

शनिवारी पहाटे आई उठली. संबळ वाजला, चौघडा झाला, घराघरात घट बसले. ऊन वर आल्यावर वनमालाबाईंनी माडीवरून गाद्या खाली घ्यायला सुरुवात केली. "अहो, जरा धरा." पंतांनी पहिली धरली, दुसरी धरली. तिसरी हातात आली ती आखूड होती. निळे पट्टे. एक कोपरा गोल कापलेला.

पंतांनी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "ही... ही इथं कशी?"

"कशी म्हणजे? गादी आहे, गाद्यांबरोबर वर टाकली. आई खाली निजलेली, आणि तुम्ही रविवारी मोटारीत गादीवर ऐसपैस बसणार. पाप कुणाच्या माथी?" बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "तुम्हांला सांगितलं होतं. तुम्ही हूं म्हणालात."

"मग मी चार दिवस बोंबलतोय ते ऐकू आलं नाही?"

"तुम्ही शीट शीट म्हणत होतात. गादी गेली म्हणाला असतात तर त्याच घडीला काढून दिली असती की." आणि मग बाईंना सगळं एकदम उमगलं. त्यांनी तोंडावर हात घेतला. "अगं बाई! बलभीमभावजींवर आळ घेतलात तो हिच्यापायी?"

पंत पळाले. ती आखूड गादी काखेत, डोक्यावर टोपी नाही, पायांत चपला नाहीत, ना डावी ना उजवी. महाद्वाराशी मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक गादी घेऊन पळणाऱ्या कारकुनाकडे बघून हसत होते, आणि पंत "सरा, सरा हो" म्हणत रडकुंडीला आले होते.

बलभीम पायरीशी होता. गोमुखाखाली न्हाऊन ओल्या धोतरानं आलेला. शेजारी सत्यभामा, डोळे खाली. मागं तामलवाडीची आठ-दहा माणसं. पंत हाकेच्या अंतरावर पोचले तेव्हा त्याचे दोन्ही हात पायरीवर टेकलेले होते.

"आई, म्या ह्यांची शीट घेतली न्हाय," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, तरी ऐकू आला. "आन आज तुझ्या पायरीवर सांगतो, हे हात पुन्यांदा त्या मोटारीला लागणार न्हायती."

"थांब! बलभीमा, थांब!"

पण शेवटचा शब्द बोलून झाला होता. बलभीमनं वळून पाहिलं. पंतांच्या काखेतली गादी दिसली. पंतांनी ती सगळ्यांदेखत खाली टाकली आणि वाकून त्याचे ओले हात धरले. "घरातच होती. बायकोनं माडीवर ठेवली होती. मी चुकलो. ऐका हो सगळे, मी चुकलो, ह्यानं काही नेलेलं नाही!" जन्मात पहिल्यांदा विष्णुपंत कुणालाही न विचारता, काही न तपासता रडले.

"गावली न्हवं? बरं झालं," बलभीम म्हणाला. सत्यभामानं मान वर केली आणि पहिल्यांदा लोकांकडे नीट पाहिलं.

"मग ती दुसरी शपथ मोड. ती रागात घेतलीस."

"आईपुढं बोललो, पंत. रागात का असंना."

त्या वर्षी सीमोल्लंघन पायीच झालं. पंत त्यानंतरच्या रविवारी गोठ्यात एकटेच मोटारीसमोर बसून राहिले, तो येणार नाही हे धरून. तर दहाच्या सुमाराला दारात सावली पडली. बलभीमनं म्हशीच्या दावणीजवळचा दगड पुसला, त्यावर बसला आणि दोन्ही हात काखेत घातले. "हात बांधल्यात," तो म्हणाला, "तोंड न्हाय. घ्या पाना. तो न्हवं, बारका."

वर्षभर असंच चाललं. ज्या पंतांनी कधी शाईचा डाग बोटाला लागू दिला नाही, ते मोटारीखाली पाठीवर सरपटायचे आणि बाहेरून हुकूम यायचे. "ढिला करा. आता आवळा. करंगळीएवढी फट ठिवा." केवढी, हे दाखवायला बलभीम आपली करंगळी वर धरायचा, पण दगडावरून उठायचा नाही. गोठ्याला कुलूप लागेनासं झालं. पेट्रोलच्या डब्यावरची कोळशाची खूण पुसली गेली, ती परत कुणी काढली नाही. बोलताना पंत चुकून "बलभीमराव" म्हणाले, आणि मग तसंच म्हणत राहिले.

पुढच्या दसऱ्याला मोटार हलली! पंत चालवायला, मागं मास्तर, वनमालाबाई आणि सत्यभामा. पंतांशेजारची निळ्या पट्ट्यांची गादी रिकामी ठेवली होती. सोलापूरच्या रस्त्यानं तामलवाडीपर्यंत जायचं होतं. अर्ध्या वाटेवर समोरून गुरं आली, पंतांनी बाजूला घेतली आणि दोन चाकं काळ्या मातीत रुतली. मास्तरांनी ढकलली, बायांनी ढकलली, मोटार आणखी खाली बसली. पंतांनी इंजिन बंद करून किल्ली सवयीनं परत जानव्याला बांधली. तेवढ्यात पुढून बलभीम बैलजोडी घेऊन आला. जणू त्याला ठाऊकच होतं. त्यानं हसत दोराचं एक टोक लांबूनच पंतांकडे फेकलं. पंतांनी ते मोटारीला बांधलं, त्यानं दुसरं जुवाला, आणि बैलांनी मोटार रस्त्यावर आणून ठेवली.

पंतांनी उतरून शेजारचं दार उघडलं. गादीवरची धूळ हातानं झटकली.

"बसा की, बलभीमराव. हात नका लावू. नुसतं बसा."

बलभीमनं त्या गादीकडे एकदा पाहिलं. बसावंसं वाटलं असेल त्याला. चार वर्षं ह्या मोटारीसाठीच तर घालवली होती. मग त्यानं बैलांच्या पाठीवर थाप मारली.

"आई जागी हाय, पंत."

पंतांनी दार लावून घेतलं. मग त्यांनी सदऱ्यात हात घातला, जानव्याची गाठ सोडली आणि मोटारीची किल्ली काढून मास्तरांच्या हातावर ठेवली. "तुम्ही पुढं न्या," एवढंच म्हणाले आणि बलभीमच्या बरोबरीनं बैलांमागं चालायला लागले. मोटार फुरफुरत त्यांना ओलांडून पुढं गेली, वळणावर दिसेनाशी झाली, तरी पंतांनी मान वर करून पाहिलं नाही. ते बलभीमला विचारत होते, ह्या बैलांना कडबा कुठला घालता.